‘ते येणारच आहे’ असे म्हणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी गेली दोन-तीन वर्षे वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात मुख्यतः दोन सूर ऐकू येतात. एकात लक्षावधी नोकऱ्या जाण्याची भीती असते, तर दुसऱ्यात शेती, आरोग्य, शिक्षण अशा सर्व दुखण्यांवर एकच उतारा सापडल्याचा आनंद असतो. मी सांगलीत राहतो. इथे बाजारात, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत, नातेवाइकांच्या घरी मला जो सूर ऐकू येतो तो मात्र तिसराच आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. “ते आता येणारच आहे, आपल्या हातात काय आहे?” हे ते वाक्य. ते बोलणारा माणूस घाबरलेला असतोच असे नाही, हरखलेलाही नसतो. त्याने विषय मिटवून टाकलेला असतो.

आश्चर्य याचे वाटते की आम्ही सांगलीकर पुराविषयीसुद्धा इतके हात टेकून बोलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि अर्धे गाव पाण्यात उभे राहिले. पाऊस कोणाच्या हातात नसतो हे सर्वांना ठाऊक होते. तरीही कोयनेतून पाणी कधी आणि किती सोडले, अलमट्टीचा विसर्ग वेळेवर वाढवला गेला का, पूररेषेच्या आत बांधकामांना परवानग्या कोणी दिल्या, हे प्रश्न चौकाचौकांत विचारले गेले आणि शासनाला वडनेरे समिती नेमावी लागली. जे आभाळातून येते त्याचा जाब आपण मागतो आणि जे कोणीतरी बैठकीत ठरवून, कंत्राट देऊन, पैसे मोजून कचेरीत आणून बसवतो, त्याच्याविषयी मात्र ‘येणारच आहे’ म्हणून गप्प बसतो. ही वृत्ती मला भीतीपेक्षा अधिक काळजीची वाटते, कारण भ्यालेला माणूस निदान प्रश्न तरी विचारतो.

मी १९७८ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि पुढे बरीच वर्षे नोकरी सांभाळून कर्मचारी संघटनेचे काम केले. कचेरीत यंत्र येणार म्हटल्यावर माणसे काय बोलतात, हे मी त्या काळी आतून पाहिले आहे. आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातील कार्यालयात संगणक बसवण्याविरुद्ध कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते. १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. हेच दांडेकर त्या सुमारास प्रा. नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करीत होते. यंत्राच्या प्रश्नावर मत देण्यासाठी सरकारला दारिद्र्याचा अभ्यासक हवासा वाटला, यातच त्या काळची दृष्टी दिसते. यंत्राचा प्रश्न जितका अभियंत्यांचा, तितकाच तो पोटापाण्याचा आहे, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

बँकांमध्ये या प्रश्नावर पुष्कळ ताणाताणी झाली, पण शेवटी तो वाटाघाटींनी सुटला. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. पुढे १९८७ आणि १९९३ साली त्याची व्याप्ती वाढवणारे करार झाले आणि मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्याही नेमल्या. कोणत्या प्रकारची यंत्रे आणायची, ती कोणत्या शाखांत बसवायची, यंत्र चालवणाऱ्याला वेगळा भत्ता द्यायचा आणि यंत्र आले म्हणून कोणाचीही नोकरी काढून घ्यायची नाही, अशा गोष्टी त्या करारांमध्ये लेखी आल्या. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारे, मशीन आले ते या वाटेने आले. त्याच्या आधी आम्ही द्वारसभा घेतल्या, मोर्चे काढले, रात्र रात्र चर्चा केल्या. पण ज्या दिवशी ते मशीन शाखेत लागले, त्या दिवशी ते कोणत्या अटींवर लागले आहे, हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला माहीत होते.

त्या लढ्यात आमचे सगळेच बरोबर होते, असा माझा दावा नाही. आम्ही म्हणत होतो की संगणकाने ग्राहकाचे काही भले होणार नाही. प्रत्यक्षात काय झाले, याचे एकच उदाहरण देतो. बचत खात्यावरचे व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या काळात जी शिल्लक सर्वांत कमी असेल, तिच्यावर काढले जाई. दहा तारखेनंतर कोणी पैसे भरले तर त्या महिन्यात त्यांवर व्याज नाही, आणि वीस तारखेला एक दिवस पैसे काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले तरी महिनाभराच्या व्याजावर पाणी. ही पद्धत अन्यायाची होती, हे आम्हा सर्वांना समजत होते. पण हजारो खात्यांचे रोजचे व्याज हाताने काढणे अशक्य होते. जून-डिसेंबरच्या क्लोजिंगला, म्हणजे सहामाही हिशेब बंद करताना, व्याजासाठीचे आकडे (प्रॉडक्ट) काढता काढता मध्यरात्र उलटायची आणि बारा रुपयांच्या फरकासाठी पन्नास लेजरे पुन्हा तपासावी लागायची. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने दररोजच्या शिल्लकेवर व्याज देणे बंधनकारक केले आणि ते शक्य झाले केवळ संगणकामुळे. कोट्यवधी लहान खातेदारांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळाले. आमच्या भाषणांतून हा मुद्दा कधी आला नव्हता, याची मला खंत आहे.

दुसऱ्या बाजूने, आम्ही जे बोलत होतो त्यातला मोठा भाग खराही ठरला. करारामुळे नोकरीत असलेल्यांना धक्का लागला नाही. मात्र त्यानंतर लिपिकांची भरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबली आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. आमच्या मुलांच्या वयाच्या ज्या पदवीधरांना कधी बँकेचा कॉल आलाच नाही, त्यांची नोकरी कोणी हिरावून घेतली असे म्हणता येत नव्हते. जी नोकरी निर्माणच झाली नाही, तिच्यासाठी मोर्चा निघत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ लेजर कीपर होते. त्यांचे अक्षर असे की तपासणीला येणारे साहेबही पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबत. कोणत्या खातेदाराची सही आजारपणानंतर बदलली आहे, कोणाचा चेक पगाराच्या आधी आला तर परत पाठवण्यापूर्वी निरोप द्यायला हवा, हे त्यांना पाठ होते. मशीन आल्यावर त्यांची नोकरी गेली नाही, पगार कमी झाला नाही, करारातील एकही कलम मोडले गेले नाही. त्यांना पासबुके भरून देण्याच्या काउंटरवर बसवले. तरी जुने खातेदार त्यांच्याकडेच येऊन अडलेले विचारत आणि ते उठून मशीनवरच्या मुलाला सांगत. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षे त्यांनी अशी काढली. आम्ही पगाराचे कलम लिहून घेतले होते. माणसाच्या अंगच्या जाणकारीचे पुढे काय करायचे, याचे कलम आम्हाला सुचलेही नव्हते.

ते गृहस्थ मला आता वारंवार आठवतात, याचे कारण माझी पुतणी. ती हिंजवडीतील एका कंपनीत नऊ वर्षे सॉफ्टवेअरचे काम करते. गेल्या दिवाळीत ती सांगत होती की तिच्या हाताखाली पूर्वी दोन-तीन नवी मुले असत. बारीकसारीक चुका शोधणे, छोटे बदल करणे, तपासण्या लिहिणे ही कामे त्यांना दिली जात आणि ती करता करता ती मुले तयार होत. आता ही कामे एआय करतो आणि त्याने लिहिलेले ती तपासते. नवी मुले तिच्या गटात आलेली नाहीत. “काका, मी स्वतः ज्या वाटेने शिकले, ती वाटच आता नाही,” असे ती म्हणाली. तिच्या कामाचे स्वरूप बदलले ते कोणत्या तारखेला, हेसुद्धा तिला सांगता येईना. कोणी पत्र दिले नाही, बैठक बोलावली नाही, कोणी कशावर सही केली नाही. एके दिवशी संगणकावर नवी सोय दिसू लागली, पुढच्या तिमाहीत कामाचे उद्दिष्ट वाढले. त्यातही एक विचित्र गोष्ट अशी की तिचे काही सहकारी एआय वापरतात पण सांगत नाहीत, कारण सांगितले तर ‘मग तुमची गरज काय’ असे कोणी विचारील अशी धास्ती. आणि काही जण वापरत नसूनही वापरतो म्हणून सांगतात, कारण नाही म्हटले तर मागासलेले ठरतील. कामाच्या ठिकाणी माणसांना आपल्या हातातील अवजाराविषयी खरे बोलता येऊ नये, ही अवस्था मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी, म्हणजे एकूण संख्येच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यामागे एआय नसून गरज आणि कौशल्ये यांचा मेळ न बसणे हे कारण असल्याचे कंपनीने सांगितले. असेलही, पण आमच्या भागात ज्यांची मुले पुण्यात या क्षेत्रात आहेत, त्या प्रत्येक घरात ती बातमी एआयची बातमी म्हणूनच वाचली गेली. जेव्हा काहीही लेखी नसते, काहीही आधी सांगितलेले नसते, तेव्हा लोक प्रत्येक घटनेचा अर्थ आपल्या धास्तीप्रमाणे लावतात आणि त्यांना दोष देता येत नाही.

आधी सांगण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये आणि त्याच्या चौथ्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले होते की ज्या यंत्रसामग्रीतील किंवा कार्यपद्धतीतील सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, ती करण्यापूर्वी मालकाने कामगारांना एकवीस दिवसांची सूचना दिली पाहिजे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या सूचनेची ही तरतूद कायम आहे. अडचण अशी की हिंजवडीतील तरुण स्वतःला कामगार समजत नाहीत, त्यांच्या कंपन्याही त्यांना कामगार समजत नाहीत आणि त्यामुळे जी तरतूद त्यांच्या सर्वांत उपयोगाची आहे, ती त्यांच्यापैकी फार थोड्यांना ऐकून तरी माहीत असते.

असे करार आता जुन्या जमान्यात जमा झाले, असे जे म्हणतात त्यांना मी अमेरिकेकडे पाहायला सांगेन. २०२३ साली तेथील चित्रपट आणि दूरचित्रवाणी लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला आणि त्यातून झालेल्या करारात एआयविषयी अटी लिहून घेतल्या. यंत्राने लिहिलेल्या मजकुराला लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही, कंपनी लेखकाला एआय वापरण्याची सक्ती करू शकणार नाही, आणि लेखकाच्या हाती दिलेल्या मजकुरात एआयने तयार केलेला भाग असेल तर तसे त्याला सांगावे लागेल. त्या लेखकांनी एआयवर बंदी मागितली नव्हती. लेखकाला स्वतःहून, कंपनीच्या संमतीने, ते वापरण्याची मुभा त्या करारात आहे. आमच्या १९८३ च्या कराराचे हे दूरचे भावंड आहे, असे मला तो वाचताना वाटले.

आता ज्यांना एआयविषयी आशा वाटते त्यांच्याविषयी लिहितो, कारण त्यांना भाबडे ठरवून पुढे जाणे मला मान्य नाही. जगभर झालेल्या पाहण्यांत एक गोष्ट सातत्याने दिसते. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत एआयविषयी उत्साहापेक्षा काळजी अधिक वाटणाऱ्या अमेरिकी नागरिकांचे प्रमाण २०२१ साली ३७ टक्के होते, ते २०२३ साली ५२ टक्के झाले. इप्सॉसच्या २०२४ च्या पाहणीत एआयचे फायदे तोट्यांपेक्षा अधिक आहेत असे मानणारे चीनमध्ये ८३ टक्के, इंडोनेशियात ८० टक्के आणि अमेरिकेत मात्र ३९ टक्के होते. भारताचे पारडेही आशेकडेच झुकलेले आहे. माझ्या मते यात अज्ञानाचा भाग कमी आणि अनुभवाचा भाग अधिक आहे. ज्याने सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात चार-चार फेऱ्या मारल्या आहेत, ज्याला दाखल्यासाठी ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर अनेकदा ऐकावे लागले आहे, त्याला माणसापेक्षा यंत्र बरे वाटले तर त्याचे काय चुकले? काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याने हे मान्य केलेच पाहिजे.

घरातले सांगायचे तर, माझ्या पत्नीची दृष्टी गेली पाच वर्षे मंदावत गेली आहे. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरची तारीख, वीजबिल हे सर्व आता तिचा फोन तिला मराठीत वाचून दाखवतो आणि ती विचारील त्याचे उत्तर देतो. दुपारी मी बाहेर गेलो की तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने सुमारे एक हजार ऊस उत्पादकांच्या शेतांवर उपग्रह आणि हवामानाच्या माहितीच्या आधारे पाणी-खतांचा सल्ला देणारा जो प्रयोग केला, त्याची चर्चा आमच्या जिल्ह्यातील ऊस पट्ट्यातही आहे. राज्य शासनाने २०२५ साली कृषी क्षेत्रातील एआयसाठी पाचशे कोटींचे धोरण मंजूर केले आहे. या सर्वांचे मी मनापासून स्वागत करतो. फोनने बाटलीवरची तारीख चुकीची वाचली तर पत्नी मला विचारू शकते, आणि खताचा सल्ला पटला नाही तर शेतकरी तो बाजूला ठेवू शकतो. निवड त्यांच्या हातात आहे, म्हणून ती आशा सुरक्षित आहे.

निवड हातातून निसटते तेव्हा काय होते, हे आमच्याच सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिसले. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदांकडून बिनभोगवटा शुल्क किती घ्यावे, हा विषय होता. कार्यकारिणीने सेवा शुल्काच्या पंचवीस टक्के घेण्याचा ठराव मांडला आणि आधार म्हणून उपविधीचा क्रमांक आणि त्यातील वाक्य वाचून दाखवले. वाक्य अगदी सरकारी भाषेत, ठाकठीक होते. सभासदांनी माना डोलावल्या. ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत तेही गप्प राहिले. माझ्या पिशवीत उपविधींची छापील पुस्तिका होती, म्हणून मी उघडून पाहिले, तर त्या क्रमांकाचा उपविधी भलत्याच विषयावरचा निघाला आणि वाचून दाखवलेले वाक्य पुस्तिकेत कुठेही नव्हते. शिवाय हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. ठराव एआयकडून लिहून घेतला होता, असे नंतर कळले. कार्यकारिणीतील मंडळी प्रामाणिक आहेत, त्यांनी लगेच ठराव मागे घेतला. मला बोचली ती सभेतून आलेली प्रतिक्रिया. “पण एआयने असे दिले म्हणजे कुठेतरी असेलच ना,” असे एक सुशिक्षित गृहस्थ पुस्तिका हातात घेऊनही म्हणत होते.

हे आमच्या सोसायटीपुरते असते तर मी इतके लिहिले नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात ज्या न्यायनिर्णयांचा आधार घेतला होता ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने अधिकाऱ्यांना बजावले की अर्धन्यायिक काम करताना यंत्रणेने दिलेल्या निष्कर्षांवर आंधळा विश्वास न ठेवता ते पडताळून पाहिले पाहिजेत. त्या करदात्याकडे उच्च न्यायालयात जाण्याची ऐपत होती. ज्याच्याकडे ती नसते, त्याचे काय होते?

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. दोन नवी यंत्रे घेण्यासाठी त्यांना ऐंशी हजारांचे कर्ज हवे होते. मुलाने फोनवरून एका बँकेच्या अ‍ॅपवर अर्ज भरून दिला आणि चार मिनिटांत उत्तर आले, ‘आपण सध्या पात्र नाही’. का, ते लिहिलेले नव्हते. मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर तिथेही यंत्रच बोलत होते आणि ते तेच वाक्य पुन्हा सांगत होते. ताईंनी ते मनाला लावून घेतले. आपल्यातच काहीतरी खोट असणार, मशीन उगाच कशाला नाही म्हणेल, असे त्या माझ्या पत्नीजवळ बोलल्या. मला हे शब्द ऐकून फार वाईट वाटले. पूर्वी मॅनेजरने कर्ज नाकारले की माणूस त्याच्या नावाने बोटे मोडायचा, वरच्या साहेबाकडे जायचा, आमदाराची चिठ्ठी आणायचा; त्यातले सगळेच चांगले होते असे नाही, पण नकार देणारा आपल्यासारखाच माणूस आहे आणि त्याची चूक होऊ शकते, हे त्याला माहीत असायचे.

वस्तुतः रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या आचारसंहितेनुसार लहान कर्जदाराचा अर्ज नाकारताना त्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवली पाहिजेत, आणि पुढे ही तरतूद सर्व कर्जदारांना लागू झाली. मी ताईंना घेऊन त्या बँकेच्या शाखेत गेलो आणि लेखी कारण मागितले. तेथील तरुण अधिकाऱ्याला सुरुवातीला स्वतःलाच कारण दिसेना. सिस्टीमने नाकारले आहे एवढेच त्याला ठाऊक होते. तो भला माणूस असल्याने त्याने खटपट केली. तीन दिवसांनी समजले की ताई आठ वर्षांपूर्वी भावाच्या कर्जाला जामीन राहिल्या होत्या, ते कर्ज केव्हाच फिटले होते, पण ज्या पतसंस्थेने ते दिले होते तिने कर्ज फिटल्याची नोंद पुढे पाठवली नव्हती. नोंद दुरुस्त झाली आणि दोन महिन्यांनी कर्ज मंजूर झाले. यात एआयने काही वेडेवाकडे केले, असे मी म्हणत नाही. त्याला मिळालेल्या माहितीवर त्याने निर्णय दिला. पण ती माहिती चुकीची असू शकते, हा प्रश्न विचारायला त्या चार मिनिटांत कोणीही माणूस हजर नव्हता, आणि नंतरही तो ताईंना स्वतःहून भेटला नसता.

माझे म्हणणे एवढेच आहे की जिथे यंत्राच्या निर्णयाने माणसाचे काही अडते, तिथे उत्तर देणारा माणूस आधी ठरलेला असला पाहिजे, आणि जिथे यंत्रामुळे कोणाच्या कामाचे स्वरूप बदलणार आहे, तिथे त्याला आधी लेखी सांगितले गेले पाहिजे. यासाठी काही नवे शोधून काढावे लागणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि ‘संगणकाने ठरवले’ हे कारण होऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमण्याची आणि त्याच्यावर अपील करण्याची सोय आहे. एआयच्या आधारे दिल्या जाणाऱ्या सेवांनाही ती तशीच लागू व्हावी. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला आहे. माणसाला प्राधान्य, उत्तरदायित्व आणि निर्णय समजण्याजोगा असणे ही तत्त्वे त्यात मांडली आहेत. ती शाखेतल्या काउंटरपर्यंत कधी आणि कशी पोहोचणार, हे विचारणे आता आपले काम आहे, आणि बँक कर्मचारी संघटनांचेही आहे, ज्यांनी एके काळी याहून कठीण वाटाघाटी करून दाखवल्या होत्या.

आपल्या दैनिकाला एक विनंती करतो. एखाद्या महापालिकेने, जिल्हा परिषदेने, बँकेने किंवा रुग्णालयाने एआयची नवी यंत्रणा सुरू केल्याची बातमी जेव्हा आपण छापता, तेव्हा उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले याबरोबरच त्या यंत्रणेच्या निर्णयाविरुद्ध तक्रार कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे आणि किती दिवसांत करायची, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारून छापावे. ज्या बातमीत ते उत्तर मिळाले नाही, तिथे ते मिळाले नाही असे छापावे. आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताई आपले दैनिक रोज दुपारी वाचतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली